आधी मान, मग मोर!

दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या गिटार्समधून एक उचलायची, की खास स्वतःसाठी एक बनवून घ्यायची? शिंपल्याची नक्षी, धातूवरचं कोरीवकाम, आपल्या हाताच्या मापाची मान... कस्टम इलेक्ट्रिक गिटारचं हे भन्नाट जग आहे तरी कसं?

लग्नाचा सूट आपण शिवून घेतो. किचनच्या ट्रॉलीज इंच इंच मोजून बनवून घेतो. कॉफीसुद्धा ‘साखर कमी, दूध वेगळं’ अशी ऑर्डर करतो. मग ऑफिसमधून दमून आल्यावर जिच्याबरोबर रोजचा तास-दीड तास घालवायचा, ती गिटार मात्र दुकानात असेल ती, असेल त्या रंगाची, असेल त्या मापाची. का बरं?

‘कारण कस्टम गिटार म्हणजे रॉकस्टार लोकांचं काम,’ असं तुम्ही म्हणाल. थोडं खरं आहे. पण थोडंच. आज आपल्याकडेही एकेकटे बसून गिटार घडवणारे कारागीर आहेत. इंग्रजीत त्यांना ल्युथियर म्हणतात, आपण सरळ गिटारमेकर म्हणू. पगारातून दरमहा थोडे बाजूला टाकले, तर वर्ष-दीड वर्षात नोकरदार माणसालाही हे स्वप्न बघता येतं. फक्त एक लक्षात ठेवायचं. ही खरेदी नाही, हे घर बांधायला देण्यासारखं आहे. काय हवंय ते नीट सांगितलं नाही, तर गृहप्रवेशाच्या दिवशी खिडकी नको त्या भिंतीत सापडते!

‘मला अशी हवी’ म्हणणारे आपण पहिले नाही

१९६३ सालची गोष्ट. लंडनजवळ राहणाऱ्या एका शाळकरी मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती, खिशात पैसे नव्हते. बाप इंजिनीअर होता. दोघांनी मिळून ती घरीच बनवायला घेतली. मानेसाठी लाकूड आलं एका जुन्या फायरप्लेसच्या चौकटीतून. त्याला किडीची भोकं होती, ती बुजवली. आणि पडद्यांमधले पांढरे ठिपके? आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं! त्या मुलाचं नाव ब्रायन मे. गिटारचं नाव ‘रेड स्पेशल’. क्वीनच्या रेकॉर्डवर हीच गिटार वाजते आणि आजही ती त्याच्याकडेच आहे.

१९६८ मध्ये फेंडर कंपनीच्या कारागिरांनी जॉर्ज हॅरिसनसाठी अख्खी शिसवी लाकडाची टेलिकास्टर बनवली. ३० जानेवारी १९६९ ला बीटल्सनी लंडनमधल्या आपल्या ऑफिसच्या गच्चीवर जो शेवटचा जाहीर कार्यक्रम केला, त्यात हॅरिसनच्या हातात तीच होती. प्रिन्सची ती नागमोडी शिंगाची पांढरी ‘क्लाउड’ गिटार १९८३ मध्ये मिनियापोलिसमधल्या एका म्युझिक शॉपमध्ये डेव्ह रुसान नावाच्या कारागिराने घडवली, आणि ती ‘पर्पल रेन’मधून जगभर पोचली.

आणि सगळ्यात हटके ऑर्डर कोणाची, तर पॅट मेथेनीची. त्याने कॅनडाच्या लिंडा मॅन्झर या गिटारमेकर बाईंना सांगितलं, जास्तीत जास्त जितक्या तारा बसतील तितक्या बसवा. बाईंनी सुमारे दोन वर्षं खपून १९८४ मध्ये ४२ तारांची ‘पिकासो’ दिली. पण गंमत तारांच्या आकड्यात नाही. एवढ्या तारा वाजवणाऱ्याला दिसणार कशा, हा प्रश्न बाईंना पडला. म्हणून त्यांनी गिटारचा वाजवणाऱ्याच्या बाजूचा काठ बारीक आणि मांडीकडचा जाड ठेवला. गिटार आपोआप थोडी वादकाकडे कलली! कस्टमचा खरा फंडा हा. मागणी तुमची असते, पण तुम्हाला न सुचलेला प्रश्न चांगल्या कारागिराला सुचतो.

आधी मान, मग मोर

आता तुमची पाळी. समजा तुमच्या डोक्यात पैठणीच्या पदरावरचा मोर आहे. बाराव्या पडद्यावर, पिसारा फुलवलेला, शिंपल्यात चमकणारा. झकास! पण तो मोर आत्ता बाजूला ठेवा. गिटारमेकरकडे पहिल्या भेटीत बोलायचं ते मानेबद्दल. कारण बॉडी तुम्ही बघता, मान तुम्ही हातात धरता. मान बोचली, तर मोर कितीही नाचला तरी गिटार केसमध्येच राहणार.

पहिला आकडा स्केलचा, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा. फेंडरचं स्केल साधारण ६४८ मिलिमीटर, गिब्सनचं ६२८ च्या आसपास. फरक फक्त दोन सेंटिमीटर. पण लांब स्केलवर तार जास्त ताणलेली असते, आवाजाला टणत्कार येतो. आखूड स्केलवर तार सैल, बेंड सोपं, पडदे जवळजवळ. तुमचा पंजा लहान असेल तर हे दोन सेंटिमीटर सोन्याचे आहेत.

दुसरा आकडा फिंगरबोर्डच्या गोलाईचा. जुन्या फेंडरची गोलाई सव्वासात इंचाच्या रेडियसची, गिब्सनची बारा इंचाची. आकडा मोठा तितका फिंगरबोर्ड सपाट. कॉर्ड वाजवणाऱ्यांना गोल आवडतो, सोलोवाल्यांना सपाट. तिसरा मुद्दा मानेची जाडी आणि पाठीचा आकार. हे शब्दांत सांगताच येत नाही. त्यामुळे तुम्हाला आवडलेली एखादी गिटार, मित्राची असली तरी चालेल, सोबत घेऊन जा आणि ‘मान अशी हवी’ म्हणा. शिंप्याकडे मापाचा शर्ट नेतो, तसंच.

चौथा मुद्दा वजनाचा. साडेतीन किलो आणि साडेचार किलो हा फरक दुकानात बसून कळत नाही. खांद्यावर अडकवून दोन तास उभं राहिलं, की कळतो. गिटार घेऊन सात अठ्ठावीसच्या लोकलमध्ये चढायचं असेल, तर लगेच कळतो!

मग पिकअप. तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक आणि वेटोळं. सिंगल कॉइल म्हणजे स्वच्छ, काचेसारखा आवाज, पण ट्यूबलाइट नि डिमरची गुरगुर फुकट. ती गुरगुर मारायला गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडून हंबकर बनवला. आवाज भरदार, गुरगुर गायब. कुठलं बसवायचं, हे तुम्ही काय वाजवता त्यावर ठरतं. म्हणून गिटारमेकरकडे जाताना फोटोंच्या आधी तुमच्या आवडीच्या पाच गाण्यांची यादी न्या.

शिंपल्याचं काम चालतं कसं?

आता मोराकडे या. लाकडात शिंपला, धातू किंवा दुसरं लाकूड बसवण्याच्या कामाला इनले म्हणतात. चित्र आधी कागदावर काढायचं. त्याचे तुकडे पाडायचे. जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या शिंपल्यावर ते चिकटवून सोनाराच्या केसासारख्या बारीक करवतीने कापायचे. मग फिंगरबोर्डवर त्याच आकाराचा खळगा खणायचा. तुकडे बसवायचे, फटी एपॉक्सी आणि काळ्या लाकडाच्या भुश्याने भरायच्या आणि सगळं घासून एक पातळी करायची. अमेरिकेच्या पीआरएस कंपनीने १९९२ मध्ये फिंगरबोर्डभर ड्रॅगन असलेल्या ५० गिटार्स काढल्या. एकेका ड्रॅगनमध्ये २०१ तुकडे होते! घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. शिंपल्याची धूळ फुप्फुसाला वाईट, त्यामुळे मास्कशिवाय हे काम करणारा कारागीर दिसला, तर दोन शब्द प्रेमाने सांगाच.

आणि इथेच गोलाईचा आकडा परत येतो. फिंगरबोर्ड गोल, शिंपला सपाट. रुंद तुकडा गोलाईत घासला, की कडेला तो पातळ होतो, क्वचित आरपार जातो. म्हणून मोठं चित्र एका तुकड्यात मागू नका. पिसारा अनेक तुकड्यांत पाडला की टिकतोही आणि प्रत्येक पीस वेगळ्या कोनात चमकतंही.

रंगकामाचंही तसंच. १९६७ मध्ये ‘द फूल’ नावाच्या डच कलावंतांच्या गटाने एरिक क्लॅप्टनची गिब्सन एसजी इंद्रधनुषी रंगांत रंगवली. दिसायला अफलातून, रॉकच्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध गिटार्सपैकी एक. पण त्यांनी मानेवरही रंग चढवला होता आणि वाजवता वाजवता तो निघायला लागला. धडा सरळ आहे. जिथे हात फिरतो तिथे चित्र नको. बॉडीवर, हेडस्टॉकवर, पाठीमागे हवं ते करा.

बंदूक, तलवार आणि गिटार

धातूवरच्या नक्षीचा विषय निघाला, की लंडनच्या टोनी झेमायटिसचं नाव येतंच. हा माणूस २००२ मध्ये गेला, पण त्याच्या धातूचा पत्रा चढवलेल्या गिटार्स रॉनी वुडसारख्यांच्या हातात दिसल्या. पत्रा चढवला तो शोभेसाठी नव्हे, तर बाहेरची गुरगुर अडवायला. मग कोऱ्या पत्र्यावर नक्षी करायची कोणी? डॅनी ओब्रायनने. हा गृहस्थ मूळचा शिकारीच्या बंदुकांवर वेलबुट्टी कोरणारा!

आता जरा मिरजेला चला. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर नावाजलेला. पण तिथले पहिले सतारमेकर कोण होते? शिकलगार. म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी लढायांचे दिवस संपत आले, तसा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यं घडवायला घेतली आणि त्यातून सतारमेकरांची घराणी उभी राहिली. लंडनमध्ये बंदुकीवरचा हात गिटारवर आला, मिरजेत तलवारीवरचा हात सतारीवर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

हे सगळं सांगायचं कारण, नक्षीचा हात आपल्या शेजारी आहे. सतारीच्या दांडीवर सेल्युलॉइडच्या पट्ट्या बसवून त्यावर कोरलेली वेल, भोपळ्याच्या गळ्याशी कोरलेली लाकडी पानं... हे आपण लहानपणापासून बघतो आणि ‘क्लासिकल’ म्हणून सोडून देतो. तीच वेल काळ्याभोर इलेक्ट्रिक गिटारच्या कडेने धावली तर? कल्पना करा!

फक्त कामाची वाटणी पक्की ठेवा. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे पडदे कायमचे ठोकलेले. अर्धा मिलिमीटर चुकला तरी सूर गेला. तेव्हा मान आणि पडदे गिटारमेकरचे, नक्षी नक्षीवाल्याची. दोघांची आधी फोनवर तरी गाठ घालून द्या. आणि नक्षीवाल्याला त्याचे पैसे गिटारमेकरइतक्याच आदराने द्या. ‘एवढ्याशा पानाचे एवढे?’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आपल्या एका क्लायंट-कॉलएवढा वेळ तो एका पानाच्या एका शिरेवर घालवतो.

मिरजेबाहेरही पर्याय आहेत. म्हैसूरचे कारागीर शिसवी लाकडात रंगीत लाकडांचे तुकडे बसवून चित्रं करतात, म्हणजे हा इनलेच. बिदरचं बिदरी काम म्हणजे जस्त-तांब्याच्या काळ्या केलेल्या धातूत बसवलेली चांदीची तार. व्हॉल्यूमचे दोन नॉब बिदरीचे करून घेतले, तर? सॉलिड दिसतील! फक्त धातूला दोन नियम. मोठा पत्रा असेल तर तो आतून अर्थ केलेला हवा. आणि पिकअपजवळ लोखंड नको. पिकअप जाड पितळेने झाकला, तरी वरचे सूर बोथट होतात.

आजीचा पाट आणि फेंडरचा फिंगरबोर्ड

जगभरच्या गिटार्सच्या माहितीपत्रकात ‘इंडियन रोझवुड’ असं दिमाखात छापलेलं असतं. ते म्हणजे आपलं शिसव. आजीच्या घरातला पाट, आजोबांचा पलंग, तेच लाकूड! ब्राझीलचं रोझवुड दुर्मिळ झालं, तशा १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्या आपल्या शिसवाकडे वळल्या. पुढे ब्राझीलच्या जातीवर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच आली. २०१७ पासून शिसवाची सगळी जात साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आली. तेव्हा गिटार घेऊन परदेशी जाणाऱ्यांची झोप उडाली होती. २०१९ मध्ये तयार वाद्यांना बरीचशी सूट मिळाली. पण लाकूड कुठून आणलं, त्याचं बिल आहे का, हे आजही विचारायचंच. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

सतारीसाठी वापरतात ते तून हे लाकूड महोगनीच्याच कुळातलं. बॉडीसाठी त्याचा विचार जरूर करा. सागवान मात्र तेलकट, सरस धरायला कटकट करतं. आणि हस्तिदंत, कासवाचं कवच, सांबरशिंग? विसरा. ‘जुना तुकडा आहे, कोणाला कळतंय’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. नटसाठी म्हशीचं हाड उत्तम चालतं.

पैसा, सबुरी आणि एक कागद

कस्टम गिटारबद्दल एक कडू गोष्ट आधीच गिळून टाका. ती विकायला गेलात, तर घातलेले पैसे सहसा परत येत नाहीत. बाराव्या पडद्यावर ‘स्नेहा’ लिहिलेली गिटार कोण विकत घेईल? फक्त दुसरी स्नेहा! तेव्हा हे इन्व्हेस्टमेंट म्हणून करू नका आणि पर्सनल लोन काढून तर मुळीच नको. शिवाय नोकरी बदलते, शहर बदलतं, कधी कधी स्नेहाही बदलते.

यावर एक सोपी युक्ती आहे. नक्षीचे दोन भाग करा. एक न बदलता येणारी, म्हणजे फिंगरबोर्डचा इनले, बॉडीवरचं कोरीवकाम. ती अशी ठेवा की जी वीस वर्षांनीही आवडेल. वेल, मोर, वारलीचा तारपा नाच. दुसरी बदलता येणारी. हेडस्टॉकवर ट्रस रॉडचं तोंड झाकणारी छोटी पट्टी दोन-तीन स्क्रूंवर असते. नाव, तारीख, टोपणनाव तिथे कोरा. नॉब, पिकगार्ड, मागचं झाकण, हेही सुटे भाग. बजेट अगदीच कमी असेल, तर आहे त्याच गिटारला फक्त हे सुटे भाग खास बनवून घ्या. नक्षीचं काम तेच, खर्चाचा अंगठा तेवढा लहान.

ऑर्डर द्यायचीच ठरली, तर तोंडी व्यवहार नको. एका कागदावर, किंवा निदान ई-मेलवर, एवढं लिहून घ्या:

• स्केल, गोलाई, नटची रुंदी, अंदाजे वजन, प्रत्येक भागाचं लाकूड.
• नक्षीचं खऱ्या मापातलं चित्र, दोघांच्या सहीसह. ‘मोर’ म्हणजे कुठला मोर, हे नंतर भांडायचं नाही.
• पैसे किती टप्प्यांत. शेवटचा हप्ता गिटार वाजवून बघितल्यावरच.
• कुठल्या टप्प्यावर फोटो पाठवणार आणि कुठल्या टप्प्यानंतर बदल बंद.
• मान वाकली, इनले सुटला, तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने आणि किती महिने.

परदेशातल्या कारागिराकडून मागवणार असाल, तर कुरिअर, विमा आणि कस्टम्स ड्यूटी आधीच हिशेबात धरा. नाहीतर गिटार विमानतळावर आणि तुम्ही क्रेडिट कार्डाच्या बिलासमोर.

आणि तारखेबद्दल. लाकूड सुकायला, सरस धरायला, फिनिश पक्कं व्हायला वेळ लागतोच. तुम्ही फोन केल्याने लॅकर लवकर वाळत नाही. कारागिराने दिलेल्या तारखेत स्वतःच दोन महिने घाला आणि ऑफिसच्या ॲन्युअल डेला तीच गिटार वाजवण्याची घोषणा आधीच करून टाकू नका.

हातात आल्यावर

केस उघडल्यावर फोटो काढायचा मोह होणार. काढा. पण पैसे चुकते करण्याआधी चार गोष्टी बघा. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि त्याच पडद्यावर दाबून वाजवलेला सूर सारखा आहे का, ट्यूनर लावून तपासा. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा, कुठे खरखर होते का ते ऐका. मानेच्या कडेवरून बोटं फिरवा, पडद्यांची टोकं टोचता कामा नयेत. डोळे मिटून इनलेवरून अंगठा फिरवा. मोर दिसायला हवा, जाणवायला नको!

आणि मग हवामान. मुंबईच्या जुलैत लाकूड फुगतं, पुण्याच्या एप्रिलमध्ये आकसतं. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसला की पडद्यांची टोकं बाहेर येतात. साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता वाद्यांना मानवते. तेवढ्यासाठी एसी लावायची गरज नाही. केसमध्ये ठेवा, छोटा आर्द्रतामापक टाका, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा सेटअप करून घ्या. ज्याने बनवली त्याच्याकडेच नेलीत तर उत्तम, त्यालाही आपली लेक सासरी कशी आहे ते बघायचं असतं.

एवढा खटाटोप कशाला, असं कोणीतरी विचारेलच. बहुतेक आईच. ‘आवाज तर दुकानातलीही करते ना रे?’ करते ना, आई. छानच करते. शिकणाऱ्याने तीच घ्यावी, आपल्या हाताला काय हवंय ते आधी कळू द्यावं. पण ज्याला ते कळलंय, त्याच्यासाठी या गिटारमध्ये दोन-तीन माणसांचे काही महिने मुरलेले असतात. कोणी मान तासली, कोणी पिसाचा तुकडा कापला, कोणी वेल कोरली. अशी वस्तू घरात आली, की ती कोपऱ्यात धूळ खात ठेवायला जीव होत नाही. रोज काढावीच लागते, वाजवावीच लागते.

तर मंडळी, या वीकेण्डला दुकानात जाऊन दहा वेगवेगळ्या माना हातात धरून बघा. आवडलेल्या मानेचे आकडे वहीत टिपून ठेवा. मोराचं नंतर बघू!